आला नाही

रामबागेतल्या त्या दवाखान्यात
माझं काम एवढंच : पुड्या बांधणं
आणि रजिस्टर लिहिणं.
पेशंट आला तर 'आला'.
आला नाही, तर डॉक्टर तांबवेकर
चष्म्यावरून बघत म्हणायचे,
"लिही, बरा झाला.
दुखतं तो दार ठोठावतो, बेबी."
मी लिहायचे.

पोट धरून जो परत यायचा,
त्याची चौकशी व्हायची :
कच्चा कांदा? कॉफी?
रात्री सराफ्यात गराडू?
गराडू निघायचाच कुठून तरी.
इंदुरात कोण उपाशी झोपतं!

अशी सव्वीस वर्षं, सात रजिस्टरं.
डॉक्टर एकदाही खोटं बोलले नाहीत.
खोटं बोलायला
आधी खरं ठाऊक असावं लागतं.

हळूहळू गल्लीही शिकली.
निंबोणकर मावशींनी जेल रोडच्या विहिणीला सांगितलं,
विहिणीने पाटणीपुऱ्यात,
आणि पाटणीपुऱ्याहून ते फिरून आमच्याकडे आलं
तेव्हा डॉक्टर हरखले,
"बघ, तिकडेही हेच म्हणून राहिले!"
आमचाच आवाज,
दुसऱ्याच्या चपला घालून आलेला.

मग आईला घेऊन मी एमवायला गेले.
तिसऱ्या मजल्यावर, बाकावर
माझं रजिस्टर ओळीने बसलं होतं.
पान एकशे चार, मांगीलाल सोनगरा, बरा झाला,
नाकात नळी.
पान दोनशे बारा, कुमुद शिरोळकर, बरी झाली,
मला बघून पदर सावरत म्हणाली,
"डॉक्टरांना सांगू नकोस हं.
एवढे चांगले आहेत, वाईट वाटेल त्यांना."

त्या रात्री मी आठवी वही काढली.
फक्त बरे न झालेले.
दोन महिन्यांत भरत आली. किती सोपं!
वाटेत जो शिंकला तो माझा पुरावा,
जो खोकला तो माझा साक्षीदार.
डॉक्टरांशी बोलणं कमी केलं.

आणि परवा दुलीचंद आला,
हातात कचोऱ्यांचा पुडा,
नऊ वर्षांचा दमा गेला म्हणत,
छाती फुगवून, श्वास घेऊन दाखवत.

मी पेन उघडून विचारत होते,
"दुसरीकडचं काही घेत होतास?
नक्की नाही?
आठव नीट. एखादं इंजेक्शन, एखादा काढा..."

तो गोंधळून पुड्याची सुतळी सोडत राहिला.
आतल्या खोलीत डॉक्टर खाकरले
आणि मला वाटलं, आत्ता जे बोललं गेलं
ते त्यांनीच बोललं असावं.

तारीख घातली. नाव. 'आला'.
पुढे काय लिहायचं
ते अजून सुचलेलं नाही.