काबुक

मघा नक्षत्र. सड्यावर पाऊस आडवा.
त्या नक्षत्राची म्हण सोलकरचाचांनी
मॅनेजर सेल्वनसाहेबांना हिंदीत सांगायला घेतली
आणि ‘चुलीपुढे’वर येऊन गप्प झाले.
साहेबांनी विचारलं, रेस रद्द होईल का?
चाचा म्हणाले, पावसानं इथे कधी काय रद्द झालंय?

मोरजकरांच्या बंद चिरेखाणीतून आखलेला ट्रॅक:
खाली उतरा, पाण्यातून जा,
खाणीची पायरी चढा, परत वर कातळावर.
बारा फेऱ्या.
माझ्या पाठीवर निळ्यावर पांढरं ‘भारत’,
त्याखाली तांडेल, एक अक्षर जादा पडलेलं.
चालायचंच.

आदल्या संध्याकाळी ट्रॅक पायी बघायचा असतो.
सगळे छत्र्या घेऊन फिरत होते,
नेपाळवाले, मलेशियावाले, बुटांनी चिखल चाचपत.
मला काय बघायचंय?
ह्या सड्यावरून मी दहा वर्षं शाळेत गेले
चपला हातात घेऊन.
हिरवं दिसेल तिथे घसरण.
सीतेची आसवं दाट फुललीत
तिथे खाली चार बोटं पाणी, चाक बसणार.
आणि पायरीच्या डाव्या अंगाला
काळी खरखरीत रेघ, हातभर रुंद,
चिखलाखाली दिसतसुद्धा नाही.
तिथे कातळ पाय धरून ठेवतो.
हे मी टीममधल्या दोघांना सांगितलं.
एकाने ऐकलं.

श्रीलंकेचा लहिरु त्या पायरीपाशी उकिडवा बसला होता.
चिऱ्याच्या भोकात बोट घालून
लाल झालेलं बोट त्याने मला दाखवलं.
म्हणाला, काबुक.
मला वाटलं, संडास कुठे आहे विचारतोय.
मी शाळेकडे हात केला.

गेट पडलं.
वीस गाड्या एकदम, आणि मग
फक्त आपलं इंजिन, तेही मांड्यांतून ऐकू येणारं.
पुढच्याच्या चाकाचा चिखल थेट तोंडावर.
चष्म्यावर पट्ट्या सात,
ओढायची, फेकायची, ओढायची, फेकायची.
चौथ्या फेरीत संपल्या.
मग चष्माच भिरकावला
आणि निघाले, खाडीत बुडी मारून
डोळे उघडे ठेवतात तशी.

तिसरी होते. तिसरी!
दर फेरीला पायरीशी डावं अंग, काळी रेघ,
क्लचला बोट न लावता वर.
बाकीचे उजवीकडे रुतायचे, गाड्या ढकलायचे,
आपापल्या भाषेत आपापल्या देवांना काढायचे.
बांधावर छत्र्यांतून कोणीतरी ओरडत होतं,
गो तांडेलीन, सोडू नको!
सोडतेय कशाला?

दहाव्या फेरीत पायरीवर मागे आवाज आला.
उजवीकडून यायला हवा होता.
माझ्या मागच्या चाकाशी होता.
माझ्या रेघेवर.
इथे कोण?
हातभर रेघेवर मान वळली की खांदा वळतो,
खांद्यामागे हँडल,
आणि चाक हिरव्यावर गेलेलं असतं.

खाणीतलं पाणी ऑगस्टात गार नसतं.
गाडी पायावर, तोंडात माती,
आणि वरून लहिरु गेला,
क्लचला बोट न लावता.

किक. किक. आई गं. किक.
नववी आले.
आमची टीम एका गुणाने चौथी.
सेल्वनसाहेबांनी पाठ थोपटली, जरा जोरातच.

पाइपाखाली गाड्या धुताना तो आला.
पितळेचं पदक खिशात कोंबलेलं, नाडी बाहेर लोंबतेय.
मी कुंपणाच्या चिऱ्यावर हात ठेवला. म्हटलं, काबुक?
त्याने मान हलवली. मग हातांनी
घर काढून दाखवलं हवेत, विहीर, शाळेची वाट,
आणि पायातले बूट काढून हातात धरले.
मी म्हटलं, जांभा.
त्याने दोनदा म्हणून पाहिलं. जांबा. जांबा.
भ काही जमेना त्याला.

जर्सी धुऊन परत करायची असते, फेडरेशनची.
रात्री बादलीत घातली.
तिसऱ्या पाण्याला ‘भारत’ वाचता आलं,
सहाव्यालाही पाणी लालच.
पडवीत बिडी ओढत चाचा म्हणाले,
साबण कशाला फुकट घालवतेस?
साहेबांना सांग, रंगच असा होता.