सतरा सक्कं

सतरा सक्कं विचारलं की
प्रज्वल छताकडे बघतो.
मोबाइलवर मात्र रात्रभरात पूल उभा करतो,
तीनदा पडलेला, चौथ्यांदा टिकलेला.
"टिकला कसा रे?"
"खांब जवळ घेतले, पप्पा."

मी वीस वर्षं सातपूरला, लेथवर.
केसभर चुकलं की माल भंगारात.
त्याच्याकडे एक बटण आहे,
चुकीच्या आधी नेऊन सोडणारं.

रविवारी घाटावर भेळ खाताना
तो होळकर पुलाचे खांब मोजू लागला,
बोट हवेत, ओठ हलते.
गोदेचं पाणी गढूळ, भेळ मऊ पडलेली.
मग म्हणाला,
"हा बांधताना पडला असता
तर त्यांनी काय दाबलं असतं?"

मी वर बघितलं.
तिथे छतही नव्हतं.