माल वसूल

बोला, मान्तास. आज उशीर झाला तुम्हाला.
गुरुवारी अकराच्या ठोक्याला वाजतो एरवी फोन.
मी चहा झाकून ठेवतो, लिंडनच्या फुलांचा,
आणि रेडिओ बंद करतो.

हो, अडतीस हजार चारशे सात युरो.
किती स्वच्छ उच्चारता तुम्ही आकडा.
या घरात तो कुणी तोंडातून काढत नाही.
युर्गिता बर्गनहून म्हणते, 'ते जे झालं ते.'
खालची स्तासे म्हणते, 'तुमचं ते प्रकरण.'
पोलीस चौकीतल्या मुलीनं तो कागदावर उतरवला,
मग विचारलं, बटण तुम्हीच दाबलंत ना?
मीच.
बत्तीस वर्षं बटणं दाबली मी
क्लायपेदाच्या बंदरात, क्रेनच्या काचेच्या खोलीत,
सात मजले उंच,
कुणाच्या डोक्यावर कधी काही पडलं नाही.

पाण्यात पडलं, एकदा.
सांगतो, थांबा. तुमची मिनिटं कुणी मोजतं का तिथे?
मोजू दे.
सत्त्याऐंशीचा नोव्हेंबर. क्यूबाची साखर.
जाळीत वीस पोती, आणि वारा असा
की जहाज स्थिर आणि धक्काच हलतोय वाटावं.
जाळी उसवली.
वरून आवाज आला नाही, फक्त पाणी
वीस ठिकाणी पांढरं झालं आणि मिटलं.

दुसऱ्या दिवशी पाणबुडे उतरले.
फोरमन काठावरून ओरडत होता,
एकूण एक हवं, मोजून हवं!
आणि मिळालं, मान्तास, एकूण एक मिळालं.
वीसच्या वीस पोती ओळीनं धक्क्यावर,
चपटी, निथळती, शिक्क्यासकट.
वहीत लिहिलं: माल वसूल.
सही माझी.
घरी आल्दोनानं माझ्या बाहीला जीभ लावून पाहिली,
म्हणाली, खारटच आहे रे.

गेल्या महिन्यात बँकेनं पाठवले
दोनशे चौदा युरो, साठ सेंट.
कुठल्याशा गोठवलेल्या खात्याच्या बुडाला
खरवडीसारखे चिकटून राहिले होते म्हणे.
दोनशे चौदावर नाही,
त्या साठ सेंटवर माझा विश्वास बसला.
लबाडाला गोल आकडे आवडतात.
तुमची फी किती म्हणालात? नऊशे.
आगाऊ. मग सगळे परत, व्याजासह.

मला माहीत आहे.
पहिल्या गुरुवारपासून माहीत आहे.
तुमच्या पाठीमागे ऐकू येतात आणखी वीसेक मान्तास,
ज्याच्या त्याच्या तोंडी कुणाचा ना कुणाचा आकडा.
आणि तुम्ही शब्दाचा शेवटचा स्वर ओढता,
आमच्याकडे लहान मुलंसुद्धा ओढत नाहीत.

मग फोन का उचलतो?
तुम्ही विचारलं होतं, पैसे कशासाठी ठेवले होते, आजोबा.
दुसऱ्या कुणी नाही विचारलं.
मी म्हणालो, छपरासाठी. खोटं.
छप्पर सोसायटीचं आहे.
कशासाठीच नव्हते ते.
रात्री तीनला जाग यायची,
शेजारचं अंथरूण सपाट,
तेव्हा आठवायचं, आहेत.
एवढं पुरायचं. कूस बदलायची.

गप्प का? तुमच्याकडे किती वाजलेत?
जेवलात?
नाही, नऊशे नाही मिळायचे.
पुढच्या गुरुवारी मी घरीही नसेन,
फेरीबोटीनं पलीकडे जाणार आहे, वाळूच्या पट्टीवर,
धुरावलेला ब्रीम घेणार, अख्खा, डोक्यासकट,
आणि वर्तमानपत्रावर ठेवून हातानं खाणार.
उरलेले सेंट परत आणेन. सवय.

ठेवा आता.
नाही, थांबा जरा.
ठेवायच्या आधी एकदा म्हणा तो आकडा.
सावकाश.
त्या सातासकट.