निळी बटणं, चार लाल

बुधवारी रात्री उंदरानं वायर कुरतडली.
गुरुवारी पहिल्या गाडीनं आम्ही सेलूहून नांदेडला,
मी आणि माझ्या बहिणीचा प्रज्योत.
"बिनवायरचाच घेऊ," तो म्हणाला,
"उंदराला खायला काही ठेवायचंच नाही."

वजिराबादेत मुजीबभाईनं काचेवर
तीन सुटी बटणं ठेवली. निळं, लाल, तपकिरी.
"दाबून बघा बाई. भाव नंतर."

निळं टक् करून बोललं,
आणि इन्स्टिट्यूटचा हॉल आला बोटांत,
बारा मशिनी, ओळ संपली की घंटी,
शिर्शीकर सरांची पट्टी
जी कायम टेबलावरच पडायची.

लाल काहीच बोललं नाही.
नुसतं खाली गेलं.
प्रज्योतचं बोट तिथून हलेना.
"मावशी, हे किती लवकर लागायलंय बघ.
आन् रात्री तुझी झोप मोडायची नाही."

तपकिरी दोघांनाही आवडलं नाही.

मग मुजीबभाईनं चिमटा काढला,
दाढ उपटावी तसं एक बटण उपटलं
आणि त्या खड्ड्यात दुसरं बसवलं.
"भांडता कशाला? दोन्ही न्या की."
पोरानं चारच लाल मागितली:
डब्ल्यू, ए, एस, डी. बाकी सगळं निळं, माझं.
चार हजार दोनशे. त्यातले अकराशे त्याचे,
मंडपाच्या लायटिंगचे.

घरी पहिलं प्रतिज्ञापत्र घेतलं तेव्हा कळलं
त्याची ती चार बटणं माझ्या मराठीत काय आहेत.
तो पुढं पळतो ती माझी दोन मात्रांची कळ.
मागं सरतो तिथं एकच मात्रा.
डावीकडं काना-मात्रा.
आणि उजवीकडं वळला की दर वेळी
कुठल्यातरी अक्षराचा पाय मोडतो.

आता माझ्या लिहिण्यात
या चौघी मुक्यानं येतात आणि जातात.
'गेले' म्हटलं तर दोनदाच वाजतं.
'होय' मधेच गप्प होतं.
'नाही'चे मात्र चारही ठोके खणखणीत.
आणि दिवसभर माणसं समोर बसून तेच तर सांगतात:
हरकत नाही, वाद नाही,
सदर मिळकतीवर बोजा नाही,
दुसरे अपत्य नाही.

दिवसा एक नंबर, माझा लॅपटॉप.
रात्री दोन नंबर, पडद्यामागचा त्याचा संगणक.
मी एकदाच विसरले.
बोरीचे आबा वारसांची नावं सांगत होते,
मी टाईप करत होते, माझा पडदा पांढरा,
आणि मागून ओरड:
"मावशी! कोण चालवायलंय मला?"

दत्ता. तो एक पाऊल उजवीकडं, पोत्यांच्या आड.
केशव. एक पाऊल मागं.
नाव संपलं की उडी.
आपल्या भाषेत दोन मात्रा फार लागत नाहीत,
म्हणून बराच वेळ वाचला बिचारा.
चौथा वारस वैजनाथ.
एक पाऊल पुढं, उघड्यावर,
आणि गोळी.

आबांनी विचारलं, "पोराला काय झालं?"
मी म्हटलं, "मेला. उठंल आत्ता."
आबा थोडे सरकून बसले.
मग म्हणाले, "वैजनाथचं नाव राहिलं तर नाही ना?"

बिनवायरच्या कीबोर्डलाही चार्जिंगची वायर असते.
ती मी स्टीलच्या डब्यात ठेवते, झाकण घट्ट लावून.

रात्री आडवी पडते तेव्हा पडद्यामागं
निळसर उजेड, आणि पळण्याचा आवाज नाही.
किती मैल पळत असेल हे लेकरू
त्या चार मुक्या कळांवर.
मधेच अंधारात एक टक्:
त्यानं बंदूक भरली.
माझ्या कानाला दुसरी वेलांटी.
तिच्या आधी कुठलं अक्षर असेल
ते मी जुळवत राहते, झोप लागेस्तोवर.