रकाना अकरा

जेल रोडवर, दुर्गेशच्या सायबरमध्ये, रात्री पावणेदहाला
रकाना अकरा विचारतो: राज्याचे रहिवासी आहात का?
हो किंवा नाही. तिसरं काही नाही.
मी 'नाही' दाबते आणि पुढचं पान बदलतं,
शुल्क दुपटीच्या वर जातं,
जागा उरतात तीन.

"आप तो मराठी हो ना दीदी, फिर वहीं की हुईं,"
दुर्गेश म्हणतो, माझा फोटो पन्नास केबीत कोंबता कोंबता.
एक कान कापला गेला. चालतो म्हणाला.

तहसिलीत कछवाये बाबूंनी दिलाय कागद,
चार चकरा, दोन शपथपत्रं, एक पुसट गोल शिक्का:
शाल्मली विनायक हर्षे, मूल निवासी, मध्य प्रदेश.
मूळ कुठलं विचारलं की बाबा अजून
कोकणातल्या एका गावाचं नाव घेतात
जिथे आमच्यातलं कोणी कधी गेलेलं नाही.
दरवर्षी तिथल्या देवाला मनिऑर्डर जाते,
पोच येते, आडनाव चुकवून.

आणि पुण्याची मावसबहीण फोनवर खिदळते:
"काय करून राहिलीस, म्हणे!"
हो. अर्ज भरून राहिलेय.

विषय भूशास्त्र. हाच का, ते दीडशे शब्दांत लिहा.

दीडशेत मावत नाही ते असं, की
बाबा बोअरवाल्यांकडे हिशेब लिहितात.
सुट्ट्यांत मी जायची मागे लागून, सांवेरला, देपालपूरला,
गाडी रात्रभर घरघरायची कोणाच्या तरी शेतात
आणि दर दहा फुटांना पोऱ्या घमेलंभर भुकटी आणून ओतायचा.
बाबा बॅटरीच्या उजेडात लिहायचे:
काळी माती, आठ फूट. मुरूम. काळा दगड. काळा. काळा.
मग एकाएकी विटेसारखा लाल, जेमतेम हातभर,
आणि खाली पुन्हा काळा.
मी चिमटीचिमटीने पुड्या बांधायची,
शेवेच्या तेलकट कागदात, वर पेन्सिलने फूट घालून.
लाल म्हणजे काय ते कॉलेजात कळलं, दुसऱ्या वर्षी:
एक लाव्हा निवला, त्याच्यावर ऊनपाऊस झाला, माती झाली,
कितीतरी काळाने दुसरा आला आणि तिला भाजून गेला.
याच जातीचा दगड नर्मदेपल्याड आहे,
सातपुड्यापल्याड, थेट त्या विद्यापीठामागच्या टेकडीपर्यंत.
बाबांना सांगितलं तर म्हणाले,
"रॉडला कुठे कळतं, जिल्हा कधी संपला ते."

यातलं काही लिहिलं नाही.
लिहिलं: मला पृथ्वीविषयी लहानपणापासून कुतूहल आहे.
दुर्गेशने दोन ठिकाणी ऱ्हस्वाचं दीर्घ केलं.

यादी लागली जुलैत.
राज्याबाहेरील, खुला. प्रतीक्षा क्रमांक सात.

आईने शिलाई मशीन थांबवलं नाही,
बाहीवरून नजर न काढता विचारलं,
इथल्या एमएस्सीची शेवटची तारीख कधी.
बाबा चष्मा कपाळावर चढवून मोबाइलकडे बघत राहिले,
साडेतीनशे फुटांवर बघतात तसे,
जेव्हा भुकटी कोरडीच येत असते,
जमिनीचा मालक बोलेनासा होतो
आणि गाडीवाला विचारतो, बंद करू?

"तुझ्या पुढचे सहा," ते म्हणाले, "त्यातले किती मागे फिरतील?"
मला काय ठाऊक.

त्यांनी वही काढली, बोअरचीच, निळ्या पुठ्ठ्याची,
नवीन पान उघडलं, तारीख टाकली, लिहिलं: सात.
खाली बरीच जागा सोडली.

गुरुवारी पाच.
शुक्रवारी पाच. सोमवारी, पाच.
ओल नाही अजून, म्हणाले,
पण दगड बदललाय.