रूट

माझ्याकडे दोन रूट आहेत.
एक कंत्राटदाराने दिलेला:
गोळीबार चौक, पाचपावली, मग तांडापेठेच्या गल्ल्या,
महिन्याला अकराशे मीटर,
प्रत्येकाचा एक फोटो, आकडा स्पष्ट दिसला पाहिजे.
दुसरा तौसीफने केलेला,
बर्डीवर, जिन्याखालच्या दुकानात,
दीडशे रुपयांत फोनचं मूळच मोकळं करून.
"आता याचा मालक तू, भाऊ. कंपनी गेली घरी."

मालक झालो, पण जागा तेवढीच.
आठ जीबीचा संसार.
म्हणून अर्धं बिऱ्हाड कार्डावर हलवलं,
कार्डाचे दोन भाग पाडले, एका घरात दोन चुली,
एकीवर ॲप, एकीवर फोटो.
आतल्या मेमरीत नुसत्या पाट्या लावल्या:
आम्ही आता तिकडे राहतो.

कार्ड होतं क्लास फोर.
चौथीतलंच पोर ते, एकेक अक्षर गिरवणारं.
फोटो काढला की गोल फिरत राहायचं
आणि मी दारात, डोक्याला दुपट्टा, सेहेचाळीस डिग्री.
आतून मागाची खटखट.
बारापात्रेबाई म्हणायच्या,
"काऊन रे भाऊ, झोपला का तुहा फोन?"
आणि पाण्याचा ग्लास पुढे यायचा.
कधी कैरीची फोड, तिखटमीठ लावून.
कोणाचं लग्न ठरलं, कोणता माग विकला,
सारं मला त्या फिरत्या गोलामुळे कळलं.

मे संपता संपता कंत्राटदार म्हणाला,
दिवसाला ऐंशी. नसेल जमत तर सांग.

नवं कार्ड, नखाएवढं.
तौसीफने ते आधी काठोकाठ भरून पाहिलं, परत वाचून पाहिलं.
"वर चौसष्ट छापतात अन् आत आठच निघते, बाप्पा."
हे निघालं खरं.

नकलेला रात्र लागली.
कूलरची टपटप, आणि एकोणीस हजार फोटो
मुंग्यांसारखे या कार्डातून त्या कार्डात.
झोप येईना म्हणून एक उघडला.
मीटरच्या काचेत माझेच डोळे, बाकी दुपट्टा.
पुढच्यात आकडा वेगळा, डोळे तेच.
आणखी एकात, खांद्याच्या मागे,
पितळी काठ, एक हिरवी बांगडी.
फोटो निघायच्या आधीच ग्लास येऊन उभा होता.
मी थांबणार, हे तिला ठाऊक होतं.
मीच तेवढा फोनला शिव्या देत होतो.

पहाटे फोन चालू केला.
कंपनीचं नाव आलं आणि तिथेच बसलं.
पाच मिनिटं. दहा.
पोटात गोळा.
मग आठवलं, पाट्यांवर पत्ता जुनाच आहे.
रिकव्हरीत शिरलो, पाट्या पुसल्या, नव्या लिहिल्या.
मालकीचं एवढंच सुख:
वाट आपणच चुकायची,
आपणच शोधायची.

तांडापेठ, साडेदहा.
फोटो काढला. झालं.
म्हणजे खरंच झालं, बोट उचलायच्या आत.
मागे भांडं वाजलं तेव्हा मी तिसऱ्या घरी होतो.
वळून पाहिलं तर ग्लास ओट्याच्या कडेला,
उन्हात, कोणाचाच नाही असा.

संध्याकाळपर्यंत ब्याण्णव मीटर.
कंत्राटदार खूश.
बघ, जमतं की. उद्यापासून शंभर.

जुनं कार्ड तंबाखूच्या डबीत ठेवलंय,
चुना लागू नये म्हणून कागदात गुंडाळून.
परवा बारापात्रेबाईंच्या दारात
फोटो केव्हाच निघाला होता, गेलासुद्धा होता.
मी उगाच फोन हलवला, काचेवर फुंकर मारली,
म्हणालो, "फिरून राहिला अजून."
बाईंनी माझ्याकडे पाहिलं,
फोनकडे पाहिलं नाही.
"फिरू दे," म्हणाल्या. "बस."