सातवी ओळ

प्रेस्टनच्या मोठ्या दुकानात, सातव्या ओळीत,
चष्मा कपाळावर सरकवून मी पुडे उलटे करते.
पुढून निराळं नाव, निराळी गाय, निराळं कुरण;
मागे मुंगीएवढ्या अक्षरांत तीच कंपनी.
ठेवते परत.

अकरा महिने झाले.
कंपनीला काय त्याचं?
हत्तीच्या पाठीवरून माशी उठली.
श्रीरंग म्हणतो, "तुझ्या दोन पौंडांनी
वाजतंय बघ त्यांचं दिवाळं,"
आणि दुसरं, स्वस्तातलं बिस्किट चहात बुडवतो.
ते तुटून तळाशी जातं.
तो काही बोलत नाही, चमचा शोधतो.

शेजारची कर्स्टी त्यांच्याच गोदामात आहे.
तिनंच सांगितलेलं, कुंपणापलीकडून,
कपडे वाळत घालता घालता:
संडासला गेलं तरी घड्याळ लावतात,
सहा मिनिटांवर गेलं की पगार कापतात.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी दार वाजलं.
कर्स्टी. हातात तोच डबा, वर रिबीन.
"आम्हाला अर्ध्या किमतीत मिळतो," म्हणाली.
अंगठ्याचं नख काळंनिळं.

मी डबा घेतला. चहा टाकला.
दोघींनी एकेक खाल्लं.
छान होतं, खोटं कशाला बोलू.

डबा अजून फ्रिजवर आहे, अर्धा.
श्रीरंगला हात लावू देत नाही.
कर्स्टी आली की काढते.